नवी गाडी घेण्याआधी: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे गाड्या विकायला नसतात, दुरुस्तीला येतात. बहुधा म्हणूनच सर्व्हिसिंगला आलेला जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, ‘नवी घ्यायची म्हणतोय, कोणती घेऊ?’ दसरा आणि पाडवा जवळ आला की हा प्रश्न रोजचाच. बॉनेट उघडं असताना उभ्या-उभ्या दिलेलं उत्तर अर्धवट राहतं, म्हणून हे पत्रक छापलं आहे. यात कुठल्या एका कंपनीची शिफारस नाही. आम्हाला कुठल्याही शोरूमकडून कमिशन मिळत नाही. मिळत असतं तर पत्रक रंगीत छापलं असतं.

आधी रनिंग लिहा

शोरूमची पायरी चढण्याआधी महिनाभर साध्या वहीत नोंद ठेवा. कुठे गेलो, किती किलोमीटर, गाडीत किती माणसं होती, रस्ता कसा होता. सध्या दुचाकी वापरत असाल तर तिची नोंद ठेवा. बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. गाडी घेतली जाते वर्षातून दोनदा होणाऱ्या कोकणच्या फेरीसाठी, आणि चालवली जाते साताऱ्यातच, राजवाडा ते पोवई नाका. सात सीटर घेतलेल्या कितीतरी गाड्या आमच्याकडे येतात, तेव्हा मागची रांग पाडलेली असते आणि तिच्यावर धूळ असते. सातही जण बसले तर डिकीत दोन-तीन पिशव्यांपलीकडे काही मावत नाही, म्हणजे गणपतीला गावी जाताना सामान पुन्हा टपावरच. घरात रोज सहा माणसं फिरत असतील तर सात सीटर जरूर घ्या. नाहीतर त्या चार दिवसांसाठी मोठी गाडी भाड्याने घेणं स्वस्त पडतं.

पेट्रोल, डिझेल, सीएनजी की बॅटरी

याचं उत्तर वहीतल्या एका आकड्यात आहे: महिन्याला किती किलोमीटर. एक हिशोब मांडून दाखवतो. पेट्रोल १०५ रुपये लिटर, डिझेल ९२ आणि सीएनजी ९० रुपये किलो धरू. तुमच्या पंपावरचा आजचा भाव घालून पुन्हा करून पाहा. पेट्रोल गाडीने १५ चं अ‍ॅव्हरेज दिलं तर किलोमीटरला ७ रुपये पडतात. तशाच डिझेल गाडीने १९ दिलं तर ४ रुपये ८४ पैसे. वाचले २ रुपये १६ पैसे. डिझेल मॉडेल सव्वा लाखाने महाग असेल, तर ते सव्वा लाख भरून निघायला साधारण ५८ हजार किलोमीटर लागतात. महिन्याला ८०० किलोमीटर चालवणाऱ्याला त्यासाठी सहा वर्षं थांबावं लागेल. महिन्याला २,००० चालवणाऱ्याचे पैसे अडीच वर्षांच्या आत सुटतील. सीएनजीवर २३ चं अ‍ॅव्हरेज धरलं तर किलोमीटरला ३ रुपये ९१ पैसे पडतात, आणि ९५ हजारांचा फरक ३१ हजार किलोमीटरच्या आतच वसूल होतो.

अ‍ॅव्हरेजचे हे आकडे आम्ही मुद्दाम कमी धरले आहेत. कंपनी छापते ते अ‍ॅव्हरेज प्रयोगशाळेत रोलरवर मोजलेलं असतं; तिथे खड्डे, एसी आणि मागच्या सीटवर बसलेली पाहुणेमंडळी नसतात. शिवाय आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा कमी, त्यामुळे अ‍ॅव्हरेज थोडं उतरतं. नव्या गाड्यांचे पाइप आणि सील या इंधनाला चालतील असेच बनवलेले असतात, त्यामुळे त्याची काळजी करू नका.

डिझेलबद्दल पैशापलीकडची एक गोष्ट आहे, आणि ती शोरूममध्ये सहसा कोणी सांगत नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा नियम आले. तेव्हापासूनच्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सर लाइनमध्ये काजळी अडवणारी एक जाळी असते, तिला डीपीएफ म्हणतात. त्यात साठलेली काजळी जाळून टाकण्यासाठी धूर चांगला तापावा लागतो. म्हणजे गाडी अधूनमधून हायवेवर एका वेगात पंधरा-वीस मिनिटं पळवावी लागते. रोज घर ते शाळा, शाळा ते मंडई एवढंच रनिंग असेल तर जाळी तुंबते, डॅशबोर्डवर दिवा लागतो, गाडीचा पिकअप जातो. मग ग्राहक म्हणतात, ‘नवी गाडी, आणि एवढ्यात खराब?’ गाडी चांगलीच असते, फक्त तिला हवं ते रनिंग मिळत नाही. आठवड्यातून दोनदा पुण्याला जाणाऱ्याने डिझेल बिनधास्त घ्यावं. गावातल्या गावात फिरणाऱ्याने घेऊ नये, मग ती कितीही दणकट वाटो.

सीएनजी घेणार असाल तर कंपनीतूनच बसवून आलेली घ्या. बाहेरून किट बसवलं तर वॉरंटीचा वाद होतो आणि आरसीवर नोंदही वेगळी करून घ्यावी लागते. सिलिंडरने डिकी खाल्ली ही जुनी तक्रार आता थोडी कमी झाली आहे. टाटाने २०२३ मध्ये अल्ट्रोझमध्ये एका मोठ्या सिलिंडरऐवजी दोन छोटे, डिकीच्या तळाशी बसवले. नंतर ह्युंदाईनेही तशी मांडणी आणली. सिलिंडरची दर तीन वर्षांनी दाबाची तपासणी करून घ्यावी लागते, ते विसरू नका. आणि तुमच्या रोजच्या वाटेवर सीएनजी पंप आहे का, तिथे सकाळी रांग किती असते, हे स्वतः जाऊन बघा.

इलेक्ट्रिक गाडीचा प्रश्न पार्किंगपासून सुरू होतो. स्वतःच्या जागेत १५ अँपिअरचा पॉइंट आणि चांगलं अर्थिंग असेल, तर ३० युनिटची बॅटरी रात्रभरात, म्हणजे नऊ-दहा तासांत, चार्ज होते. छोटी गाडी एका युनिटला सहा-सात किलोमीटर जाते, त्यामुळे रोजच्या ठरलेल्या रनिंगला याहून स्वस्त काही नाही. बहुतेक कंपन्या बॅटरीला आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी देतात. मात्र सोसायटीत पार्किंग ठरलेलं नसेल, तर आधी सोसायटीची लेखी परवानगी घ्या आणि मगच बुकिंग करा. घरात एकच गाडी असणार असेल आणि नागपूर किंवा गोव्याच्या फेऱ्या नेहमीच्या असतील, तर चार्जिंगच्या थांब्यांचा विचार करून ठरवा.

चार मीटर आणि १,२०० सीसी

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर लागू झाले. लांबी चार मीटरपर्यंत आणि पेट्रोल इंजिन १,२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल १,५०० सीसीपर्यंत असेल, तर १८ टक्के. यातली एक मर्यादा जरी ओलांडली तरी ४० टक्के. इलेक्ट्रिकला ५ टक्के. बाजारात इतक्या गाड्या ३,९९५ मिलिमीटर लांबीच्या का असतात, याचं कारण हेच. करात बसवण्यासाठी गाडी मागून आखूड केलेली असते, आणि ती काटछाट डिकीत आणि मागच्या सीटच्या पायांच्या जागेत दिसते. आमच्या मते चौघांच्या कुटुंबाला चार मीटरच्या आतली गाडी पुरते. फक्त उंची बघून ‘एसयूव्ही’ म्हणून जादा पैसे मोजू नका. दारात उंच दिसणारी पुष्कळ मॉडेलं खालून हॅचबॅकच असतात.

घरासमोरची गल्ली मात्र मोजा. शनिवार पेठेत किंवा यादोगोपाळ पेठेत राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. आरसे धरून गाडीची रुंदी किती ते विचारा. माहितीपत्रकात छापलेली रुंदी बहुधा आरसे सोडून असते.

घाट, गिअर आणि क्लच

साताऱ्यात राहून कासला न जाणारा माणूस विरळा. यवतेश्वरचा घाट पाच माणसं आणि एसी चालू ठेवून चढताना लहान पेट्रोल इंजिन दुसऱ्या गिअरमध्ये धापा टाकतं, सीएनजीवर आणखी. तुमची नोंदवही घाटाने भरलेली असेल, तर टर्बो पेट्रोल किंवा डिझेल चालवून बघा. टर्बोचं अ‍ॅव्हरेज पायावर असतं: हळू दाबलं तर उत्तम, दाबत सुटलात तर पाकीट रिकामं.

ऑटोमॅटिकमध्ये एएमटी सर्वात स्वस्त. तिचा क्लच नेहमीच्या गाडीसारखाच असतो, फक्त तो यंत्र दाबतं. म्हणून चढावर, ट्रॅफिकमध्ये, ब्रेक न लावता अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवली तर क्लच प्लेट लवकर जाते. टॉर्क कन्व्हर्टर महाग, पण घाटाला आणि वर्षानुवर्षं वापराला भरवशाचा. सीव्हीटी शहरात लोण्यासारखी चालते. दोन क्लचवाली डीसीटी चालवायला मजा देते, पण खंबाटकीत तासभर सरकत जावं लागलं की तापते.

तारे आणि पट्टे

१ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही आपली स्वतःची टक्कर-चाचणी सुरू झाली. मोठ्यांसाठी आणि मुलांसाठी वेगवेगळे, पाचपैकी तारे मिळतात. चाचणी ऐच्छिक आहे, त्यामुळे एखाद्या गाडीला तारे नसणं म्हणजे ती नापास झाली असं नाही. पण दोन गाड्यांत मन अडकलं असेल तर तारेवाली उचला. तारे कुठल्या मॉडेलला मिळाले आणि तुम्ही घेताय त्यात तेवढ्याच एअरबॅग आहेत का, ते पडताळा. लहान मूल असेल तर आयसोफिक्सचे, म्हणजे मुलांची सीट अडकवायचे, हूक हात घालून बघा. काही गाड्यांत ते गादीत इतके खोल असतात की सीट बसवताना बोटं सोलतात.

मागच्या सीटवर तिघांनाही तीन टोकांचा पट्टा आहे का? मधल्याला कंबरेपुरताच असेल तर ती सीट मोठ्यांनी टाळावी. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला. ते मागे बसले होते आणि पट्टा लावलेला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं होतं. गाडी महागडी आणि भक्कम होती.

सनरूफबद्दल आमचं मत कोणी विचारत नाही, तरी सांगतो. त्याच्या कडेच्या बारीक नळ्या धुळीने आणि पाल्याने तुंबतात, आणि आमच्याकडच्या पावसात पाणी आतल्या छतातून टपकतं. तेवढ्या पैशांत मागचा वायपर, चांगले दिवे आणि पूर्ण आकाराची स्टेपनी मिळत असेल तर तेच घ्या. स्टेपनी बुकिंगआधी उघडून पाहा. काही गाड्यांत तिच्याऐवजी पंक्चरचं किट असतं.

ऑन-रोडचा कागद

तोंडी किंमत ऐकू नका, कोटेशन घ्या आणि एकेक ओळ विचारा. महाराष्ट्रात खासगी पेट्रोल गाडीला एकरकमी वाहन कर १० लाखांपर्यंत ११ टक्के आणि पुढे चढत जातो. डिझेलला १३ पासून सुरू होतो. कंपनीच्या नावावर घेतली तर दर बराच वाढतो. गाडी १० लाखांच्या वर असेल तर १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच प्राप्तिकरापोटी आगाऊ रक्कम, कापतात; तो प्राप्तिकराच्या विवरणपत्रात वळता करून घेता येतो. बरेच जण तो सोडून देतात!

विमा शोरूममधूनच घ्यावा असा नियम नाही. नव्या गाडीला थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा लागतो, स्वतःच्या नुकसानीचा एक वर्षाचा चालतो. बाहेरून दोन कोटेशन आणा आणि शोरूमच्या टेबलावर ठेवा, बरेचदा तिथला आकडाही खाली येतो. झीरो डेप, म्हणजे सुट्या भागांच्या भरपाईतून घसारा न कापणारा विमा, मात्र पहिली काही वर्षं घ्याच; बंपर आणि प्लॅस्टिकचे भाव आम्हाला रोज दिसतात.

कर्जाचा हप्ता लहान दिसावा म्हणून मुदत वाढवतात. ८ लाख कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता साधारण १६,६०० आणि एकूण व्याज १ लाख ९६ हजार. सात वर्षांसाठी हप्ता १२,९०० च्या आत, पण व्याज २ लाख ८१ हजार. ‘कोटिंग’, ‘अ‍ॅक्सेसरी पॅक’, ‘हँडलिंग’ अशा ओळी दिसल्या तर त्या नको म्हणून सांगा. मॅटिंग आणि सीट कव्हर बाहेर अर्ध्या भावात होतात.

टेस्ट ड्राइव्ह आणि ताबा

टेस्ट ड्राइव्हला शोरूम आपलं टॉप मॉडेल सपाट रस्त्यावर देतं. तुम्ही घेणार तेच इंजिन आणि तोच गिअरबॉक्स मागा. घरच्यांना सोबत न्या. वडिलांचे गुडघे आणि आईची कंबर यांनी चढून-उतरून पाहिल्याशिवाय सीटची उंची ठरवू नका. शक्य असेल तर अंधार पडल्यावरही एक फेरी मारा, म्हणजे दिव्यांचा उजेड कळेल.

आणि सर्वात महत्त्वाचं: गाडीचं पासिंग होण्याआधी ती यार्डात जाऊन बघा. एकदा नंबर पडला की बदलून मिळणं जवळजवळ अशक्य. दिवसाउजेडी जा, गाडी धुतलेली आणि कोरडी असू द्या. चॅसिस नंबर कागदाशी जुळवा. उत्पादनाचा महिना-वर्ष विचारा; गेल्या वर्षीची गाडी असेल तर त्या हिशोबाने सूट मागा. टायरच्या बाजूला शेवटचे चार आकडे असतात: २३२५ म्हणजे २०२५ चा २३ वा आठवडा. पाचही टायर पाहा. एखाद्याच दरवाजाचा रंग किंचित वेगळा, रबराखाली रंगाची कड, बोल्टच्या डोक्यावर पान्याचे ओरखडे, असं काही दिसलं तर वाहतुकीत ठोकून पुन्हा रंगवलेली असू शकते. ओडोमीटर शंभराच्या वर असेल तर का, ते विचारा. खाली वाकून तेलाचा थेंब शोधा. प्रत्येक काच, प्रत्येक बटण, एसी, वायपर चालवून पाहा. मुहूर्ताची घाई असते हे आम्ही समजतो. म्हणूनच पाहणी मुहूर्ताच्या चार-पाच दिवस आधी करा, काही निघालं तर दुरुस्तीला किंवा दुसरी गाडी मागवायला वेळ राहतो.

तुमची वही आणि दोन-तीन कोटेशन घेऊन गॅरेजवर आलात तर आम्ही सोबत बसून हिशोब करून देतो, त्याचे पैसे घेत नाही. यार्डात पाहणीला आमचा माणूस हवा असेल तर फक्त जाण्यायेण्याचा खर्च द्यावा. दुपारी चारनंतर या. सकाळी गाड्या सोडायची गडबड असते. रविवारी गॅरेज बंद.