'वी बिल्ट धिस सिटी' सॅन फ्रान्सिस्कोवर लिहिलेलं नाहीये!

अमेरिकन रॉक बँड स्टारशिपचं हे १९८५चं गाणं निघालं की कोणीतरी म्हणतंच, जेफरसन एअरप्लेनवाल्यांनी (स्टारशिप म्हणजे त्याच जुन्या बँडचा पुढचा अवतार) म्हातारपणी स्वतःच्या सॅन फ्रान्सिस्कोचं कौतुक करणारं गाणं लिहिलं आणि रॉकची वाट लावली. अहो, तसं नाहीये ते. शब्द मुळात बर्नी टॉपिनचे, म्हणजे एल्टन जॉनची गाणी लिहिणारा तोच, आणि त्याच्या डोक्यात होतं लॉस एंजेलिस, तिथले लाइव्ह म्युझिकचे क्लब एकेक करून बंद पडत होते त्याचं दुःख.

मग गोंधळ कुठून झाला? मध्येच रेडिओवाला बोलतो ना, त्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट ब्रिजचं नाव येतं, तेवढंच लोकांच्या डोक्यात बसलं. तो आवाज एमटीव्ही या म्युझिक चॅनेलच्या लेस गारलंडचा. आणि एअरप्लेनवाल्यांचं गाणं म्हणाल, तर त्या जुन्या बँडमधला पॉल कँटनर १९८४लाच बाहेर पडला होता, आणि 'जेफरसन स्टारशिप' या तेव्हाच्या नावातलं 'जेफरसन'सुद्धा त्याच भांडणात गेलं.

अमेरिकेत एक नंबरला गेलेलं गाणं, २००४ला ब्लेंडर मासिकाने सगळ्यात वाईट ठरवलं, आणि आता नवीन पोरांना तेवढंच माहितीये. मला वाईट वाटतं. सिंथेसायझर नाही आवडला तर ठीक आहे, पण शब्द एकदा नीट ऐका.