कडब्याची पेंढी आणि उजेडावर चालणारा स्नायू

मे महिन्यात भर दुपारी रावेरकडच्या केळीच्या बागेत शिरलात, तर पानं मिटलेली दिसतील. मधल्या शिरेच्या दोन्ही बाजू छपरासारख्या खाली झुकतात आणि ऊन कलल्यावर पुन्हा पसरतात. पानाला स्नायू नसतात. शिरेलगतच्या पट्ट्यांमधल्या पेशींतलं पाणी कमी-जास्त होतं, तेवढ्यावर ही हालचाल चालते. मोटार नाही, वायर नाही. असंच काम पाण्याऐवजी उजेडाकडून करून घेणारं एक रबर रसायनशास्त्रज्ञांनी बनवलं आहे.

त्याचा गाभा म्हणजे द्रवस्फटिक, कॅल्क्युलेटरच्या पडद्यात असतात तेच. यातले रेणू काडीसारखे लांबट असतात. ते द्रवासारखे वाहतात, तरी सगळ्यांची तोंडं साधारण एकाच दिशेला राहतात. 1888 साली प्रागमधल्या फ्रीडरिख राइनिट्झर या वनस्पतिशास्त्रज्ञाला हा प्रकार पहिल्यांदा दिसला. त्याच्याकडचा एक पदार्थ दोनदा वितळायचा: 145.5 अंश सेल्सिअसला गढूळ आणि 178.5 अंशांना नितळ.

या काड्या रबराच्या साखळ्यांना बांधल्या, की ज्वारीच्या कडब्याची पेंढी तयार होते असं समजा. ताटं सरळ असतील तर पेंढी लांब आणि सडपातळ. त्यातली थोडी ताटं मध्येच मोडून कोपरासारखी वाकवली, तर शेजारची ताटंही तिरपी होतात आणि पेंढी आखूड, जाड होते. रबराचंही तसंच. रांग विस्कटली की ते आकसतं. असं रबर रांगेबरोबर आकार बदलेल, हे फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ प्येर-जिल द जेन यांनी 1975मध्येच सुचवलं होतं. पण तेव्हा विचार होता रांग उष्णतेनं विस्कटण्याचा.

उजेडानं हेच घडवायचं, तर उजेडात ताटासारखा मोडणारा रेणू हवा. तो म्हणजे अ‍ॅझोबेन्झीन. एरवी त्याची लांबी सुमारे 0.9 नॅनोमीटर (मीटरचा अब्जावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर) असते. अतिनील किरण पडले की तो मधल्या नायट्रोजनच्या जोडापाशी वाकतो आणि 0.55 नॅनोमीटरवर येतो. निळ्या उजेडात किंवा उष्णतेनं पुन्हा सरळ होतो. 2001मध्ये हाइनो फिंकेलमन यांच्या गटानं अशा रबराची पट्टी निव्वळ उजेडानं सुमारे 20 टक्के आखडवून दाखवली. आपले स्नायूही साधारण तेवढेच आखडतात.

माझ्या मते खरी कारागिरी रेणूत नाही, मांडणीत आहे. दोन काचांवर पॉलिमरचा पातळ थर देऊन तो कापडानं एकाच दिशेनं घासतात. काड्या त्या घासण्याच्या दिशेनं ओळीत बसतात आणि मग त्यांना जागच्या जागी बांधून टाकतात. वरची काच एका दिशेनं आणि खालची तिला काटकोनात घासली, तर तयार झालेली फिल्म पीळ घालते किंवा गुंडाळते. एवढ्या नाजूक कामाची सुरुवात कापडाच्या घासण्यानं व्हावी, याची मला अजून गंमत वाटते.

अडचण येते ती उजेडाचीच. अ‍ॅझोबेन्झीन जास्त घातलं, तर वरचा पातळ थरच सगळे किरण पिऊन टाकतो आणि खालच्या काड्या अंधारात राहतात. वरची बाजू आकसते, खालची नाही. म्हणून फिल्म आखडण्याऐवजी उजेडाकडे वाकते. जपानमधल्या तोमिकी इकेदांच्या गटानं 2003मध्ये या उणिवेचाच उपयोग करून घेतला. प्रकाशाच्या ध्रुवणाची दिशा, म्हणजे त्याच्या लहरी ज्या दिशेत डोलतात ती, बदलून फिल्म कुठल्या बाजूला वाकवायची, हे त्यांनी ठरवून दाखवलं.

आता हे रबर भुसावळच्या उन्हात ठेवलं तर? उन्हात वाकवणारे आणि सरळ करणारे किरण एकत्रच येतात, वर उष्णता आहेच. रेणूची फार तर ओढाताण व्हावी. पण 2016मध्ये शास्त्रज्ञांनी फ्लोरिन जोडलेलं अ‍ॅझोबेन्झीन वापरलं. ते हिरव्या उजेडात एकीकडे आणि निळ्यात दुसरीकडे वळतं. त्याची फिल्म त्यांनी साध्या उन्हात ठेवली. दोन्ही रंग एकदम पडले, तरच ती हलायची. मग ठेका नाही, ताल नाही, कुणी बटण दाबायला नाही, ती उन्हात आपली आपण फडफडत राहिली.