प्लास्टिक भाजून सिरॅमिक, आणि मधे आलेला ऑक्सिजन

मी रबाळे एमआयडीसीत भट्ट्यांच्या मेंटेनन्सला आहे, त्यामुळे सिरॅमिक म्हणजे पावडर दाबा नि भाजा, एवढंच डोक्यात बसलेलं. पण पॉलिमर, म्हणजे प्लास्टिकसारखा लांब साखळ्यांचा पदार्थ, भाजूनही सिरॅमिक होतं, आणि त्याचं मूळ ठाण्यात जांभळी नाक्यावर मिळणाऱ्या बाथरूमच्या सिलिकॉन सीलंटच्या घराण्यातलंच आहे!

म्हणजे बघा, डायमिथाइलडायक्लोरोसिलेन नावाच्या रसायनाची पाण्याशी गाठ घातली की सीलंटवालं सिलिकॉन, आणि सोडियमशी घातली की पॉलिडायमिथाइलसिलेन नावाची पांढरी पावडर, १९४९ पासून माहीत असलेली, पण ना धड विरघळत ना वितळत, मग तिचं करणार काय? १९७५ च्या सुमारास जपानमध्ये तोहोकू विद्यापीठातल्या सेइशी याजिमांनी ती ४०० अंशांच्या वर तापवली, तेव्हा साखळीतल्या दोन सिलिकॉन अणूंच्या मधे कार्बन घुसला आणि झालं पॉलिकार्बोसिलेन. हे वितळतं, म्हणून धागा ओढता येतो. पण वितळणारा धागा भट्टीत घातला तर परत पाणीच की! म्हणून आधी हवेत २०० अंशांच्या आसपास ठेवायचा, ऑक्सिजन साखळ्या एकमेकींना बांधतो, मग हवा तोडून १२००-१३०० अंशांना भाजायचा. केसापेक्षा कितीतरी बारीक, सिलिकॉन कार्बाइड या सिरॅमिकचा धागा तयार, जो पुढे निकॅलॉन म्हणून विकला गेला. आत जेमतेम २ नॅनोमीटरचे कण आणि भोवती काचेसारखा भाग, म्हणजे नॅनोकॉम्पोझिटच (नॅनो आकाराच्या कणांचा मिश्र पदार्थ), फक्त तेव्हा या शब्दाची एवढी फॅशन नव्हती.

गंमत अशी की ज्या ऑक्सिजनने धागा वाचवला त्यानेच पुढे मारला. निकॅलॉनमध्ये तो १२ टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे १२०० च्या वर कार्बन मोनॉक्साइड नि सिलिकॉन मोनॉक्साइड वायू होऊन निसटतात, कण फुगतात, ताकद गेली. मग हवेऐवजी इलेक्ट्रॉन बीमने साखळ्या बांधून हाय-निकॅलॉन आला, ऑक्सिजन अर्ध्या टक्क्यावर. १९९६ मध्ये राल्फ रीडेल आणि सहकाऱ्यांनी पॉलिमरमध्ये बोरॉन नि नायट्रोजन आणून २००० अंशांपर्यंत टिकणारं सिरॅमिक दाखवलं, अर्थात हवेत नाही, निष्क्रिय वायूत.

आकसण्याचं लफडं वेगळंच, वायू निघून गेले की माल भेगाळतो, म्हणून पॉलिमरमध्ये पावडर मिसळतात नाहीतर भेगांत परत पॉलिमर मुरवणं-भाजणं पाच-सहा वेळा.

हे सगळं वाचल्यापासून भट्टीतून हवा बाहेर ठेवणाऱ्या आर्गॉन या निष्क्रिय वायूच्या लाइनवर गळती शोधायला साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायला मला कंटाळा येत नाही.