ग्रोथ हॉर्मोन आणि मोठ्या माणसांचे स्नायू

उंची वाढायची थांबली की ग्रोथ हॉर्मोनचं काम संपलं, असा समज सगळीकडे आहे. तसं नसतं. मेंदूच्या तळाशी असलेली वाटाण्याएवढी पियुषिका ग्रंथी हे संप्रेरक आयुष्यभर सोडत राहते, थांबून थांबून आणि जास्त करून गाढ झोपेत. त्याच्या प्रभावाने यकृतात आयजीएफ-१ नावाचं दुसरं संप्रेरक तयार होतं. मोठेपणी स्नायूंची डागडुजी आणि हाडांची बळकटी या दोघांवर बरीच अवलंबून असते. ते कमी पडलं की पोटाचा घेर वाढतो, स्नायू रोडावतात आणि जिना चढताना मांड्या भरून येतात.

प्रौढांमध्ये याचं नेहमीचं कारण म्हणजे पियुषिकेतली गाठ, किंवा त्या गाठीवरची शस्त्रक्रिया आणि रेडिएशन. पण आपल्याकडे आणखी दोन कारणं आहेत आणि ती फार सहज निसटतात. बाळंतपणात खूप रक्त गेलं तर ग्रंथीचा रक्तपुरवठा तुटून ती निकामी होऊ शकते. हा शीहान सिंड्रोम. अंगावर दूध येत नाही, पाळी परत सुरू होत नाही, आणि ‘बाळंतपणापासून अशक्तपणा राहिलाय’ म्हणत बाई वर्षानुवर्षं टॉनिक घेत राहते. दुसरं कारण घोणस. तिच्या विषाने रक्त गोठण्याची यंत्रणा कोलमडते, आणि त्यात पियुषिकेलाही इजा होऊ शकते. दंशातून वाचलेला शेतकरी काही महिन्यांनी, कधी वर्षांनी, याच तक्रारी घेऊन येतो.

१९८५ पर्यंत हे हॉर्मोन मृतदेहांच्या पियुषिकेतून काढलं जाई. त्यातून काही रुग्णांना क्रॉइट्सफेल्ट-याकोब हा मेंदूचा जीवघेणा आजार झाला आणि तो पुरवठा थांबला. त्याच वर्षी जनुकीय तंत्राने बनवलेलं हॉर्मोन अमेरिकेत बाजारात आलं. आता तुटवडा नव्हता, म्हणून मोठ्यांवरही प्रयोग करता आले. १९८९ मध्ये लंडनमध्ये कमतरता असलेल्या २४ प्रौढांवर झालेल्या अभ्यासात, हॉर्मोन मिळालेल्यांचं चरबीविरहित वजन सहा महिन्यांत सरासरी ५.५ किलो वाढलं आणि चरबी जवळपास तेवढीच घटली.

आकडा डोळे दिपवणारा आहे, पण तो नीट वाचायला हवा. हे हॉर्मोन शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवतं, त्यामुळे त्या किलोंमध्ये पाणीही होतं. स्नायूंची ताकद मात्र सावकाश येते. खुर्चीवर बसून, घोटा पट्ट्याने बांधून गुडघा सरळ करायचा जोर यंत्रावर मोजतात. स्वीडनमधल्या गोथेनबर्गमध्ये हा उपचार घेणाऱ्या रुग्णांमध्ये हा जोर पहिली काही वर्षं वाढत गेला आणि त्यांच्या वयाच्या निरोगी माणसांच्या जवळ पोचला. पुढे वयानुसार घसरण सुरू झाली, तीही अपेक्षेपेक्षा कमी. मला या उपचाराचं खरं यश इथे दिसतं.

कमतरता नसलेल्यांचं काय? १९९६ मध्ये सत्तरी ओलांडलेल्या धडधाकट पुरुषांना सहा महिने हेच हॉर्मोन दिलं. चरबीविरहित वजन वाढलं, चरबी उतरली, पण ताकद आणि दमसास जसेच्या तसे. वर पायांना सूज आणि सांधेदुखी. तरुणपण टिकवायला किंवा जिममध्ये शरीर कमावायला ही इंजेक्शनं घेणाऱ्यांनी आणि देणाऱ्यांनी हा निकाल जरूर वाचावा.

खऱ्या कमतरतेतही घाई चालत नाही. आजचे डोस १९८९ पेक्षा बरेच कमी असतात. रोज साधारण ०.२ ते ०.३ मिलिग्रॅमपासून सुरुवात करून आयजीएफ-१ तपासत ते वाढवतात. कर्करोग सक्रिय असेल तर हे हॉर्मोन देत नाहीत. आणि पियुषिका बिघडली की कॉर्टिसॉल (ताण पेलायला लागणारं संप्रेरक) आणि थायरॉइडही कमी पडू शकतात; म्हणून ग्रोथ हॉर्मोनच्या आधी कॉर्टिसॉल, मग थायरॉइडची भरपाई व्हावी लागते. हा क्रम चुकला तर जिवावर बेतू शकतं. बाळंतपणातला मोठा रक्तस्राव किंवा घोणसदंश मागे असेल आणि अंगात त्राण राहत नसेल, तर डॉक्टरांना ते आपणहून सांगावं आणि सकाळचं कॉर्टिसॉल व फ्री टी-४ (थायरॉइडचं संप्रेरक) तपासून घ्यावं. नुसत्या टीएसएचवर, म्हणजे थायरॉइडला चालना देणाऱ्या पियुषिकेच्या संप्रेरकावर, थांबू नये, कारण पियुषिकाच आजारी असेल तर टीएसएच नॉर्मलही येऊ शकतो.