ठासणीच्या बंदुकीची गोळी

ठासणीच्या बंदुकीची गोळी : नळीच्या तोंडातून आधी दारू, मग गोळी घालून गजाने ठासायच्या बंदुकीसाठी शिसे ओतून केलेली गोळी. काडतुसाच्या बंदुकीत टोपी (बार पेटवणारी केप), दारू आणि गोळी एकाच पुडक्यात येतात. ठासणीच्या बंदुकीत तिन्ही सुटी असतात, आणि गोळी तर त्या एका नळीच्या मापाचीच लागते. म्हणून पूर्वी चांगल्या बंदुकीबरोबर तिचा साचाही पेटीतून मिळे. साचा हरवला की बंदूक निम्मी निकामी.

गोव्यात या विषयाची मुळे खोल आहेत. १५१० मध्ये पोर्तुगीज सेनानी आफोन्सो द आल्बुकेर्कने गोवा घेतला, तेव्हा आदिलशाहीची गोदी, शस्त्रशाळा आणि तिथले कारागीरही त्याच्या हाती आले. इथले लोहार युरोपातल्या बोहेमियाच्या तोडीच्या बंदुका घडवतात, असे त्याने पोर्तुगालच्या राजा मानुएलला कळवले होते. १५४३ मध्ये जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोर्तुगिजांबरोबर पोहोचलेली तोड्याची, म्हणजे जळत्या वातीने पेटणारी, बंदूक मूळ युरोपातली नसून गोवा-मलाक्का घडणीची होती, असेही काही अभ्यासक मानतात. आपण मराठीत सहज वापरतो ते ‘काडतूस’ आणि ‘पिस्तूल’ हे शब्दही पोर्तुगिजांकडूनच आले. १८५२ मध्ये दिपाजी राण्यांनी सत्तरीत बंड करून नाणूसचा किल्ला घेतला, त्या काळी फौजेच्या बंदुकाही बहुतेक नळीच्या तोंडातूनच भरल्या जात.

तोड्याची, चकमकीची आणि केपाची हे ठासणीच्या बंदुकीचे तीन मुख्य प्रकार. बार पेटवायची रीत तेवढी बदलत गेली, गोळीचे तत्त्व तेच राहिले. गोव्याच्या गावांत शेतीरक्षणासाठी परवान्यावर असलेल्या ठासणीच्या बंदुका बहुधा गुळगुळीत नळीच्या असतात आणि त्यांत छर्रे चालतात. इथे प्रश्न आहे तो रायफलीचा, म्हणजे नळीत आतून पीळ असलेल्या बंदुकीचा. १९५० नंतर, विशेषतः अमेरिकन यादवी युद्धाच्या शताब्दीच्या सुमारास, जुन्या रायफलींच्या नव्या प्रतिकृतींना मागणी आली. त्या मुख्यतः उत्तर इटलीतल्या गार्दोने परिसरात बनतात. पेदेर्सोली आणि उबेर्ती ही त्यांतली नावाजलेली घराणी. १९७१ मध्ये स्थापन झालेली एक आंतरराष्ट्रीय संघटना ठासणीच्या बंदुकांच्या नेमबाजीच्या जागतिक स्पर्धा भरवते.

अशा रायफलीला गोळी दोन प्रकारची. पहिली गोल गोळी. अर्ध्या इंचाच्या नळीला ती साधारण ०.४९ इंच व्यासाची घेतात. तिचे वजन सुमारे ११.५ ग्रॅम भरते. ती नळीत सैल असते. ओशट सुती चिंधीत गुंडाळून ती खाली ढकलायची; पीळ चिंधीला धरतो आणि चिंधी गोळीला फिरवते. दुसरी लांबट गोळी, बुडाशी पोकळ. फ्रेंच अधिकारी मिनिए याने १८४९ मध्ये ती पुढे आणली. बार उडाला की वायूच्या दाबाने तिचे बूड फुगून पिळात घट्ट बसते. १८५३ ची एनफील्ड रायफल याच तत्त्वावर चाले, आणि १८५७ मध्ये चरबीवरून जे घडले ते तिच्याच कागदी काडतुसांमुळे. वंगणाला आज मेण आणि चरबीचे मिश्रण वापरतात. चरबी नको असेल त्याने भिरंडेल, म्हणजे कोकमाचे तेल, करून पाहायला हरकत नाही. ते खोलीत घट्ट राहते आणि चाळीस अंशांच्या आसपास वितळते.

दोन्ही प्रकारांना शिसे मऊ हवे. कडक शिशाची गोळी ठासताना अडते आणि बुडाशी फुगत नाही. पारख सोपी : नखाने चरा पडला पाहिजे, आणि फरशीवर टाकल्यावर तुकडा खणखणला नाही पाहिजे, धप् असा मेलेला आवाज आला पाहिजे. जुने नळ आणि जुन्या केबलचे वेष्टन हे चांगले शिसे. टायरवाल्याकडची चाकाची वजने अँटिमनीमुळे कडक असतात, शिवाय हल्ली त्यांत जस्ताचीही येतात. जस्ताचा एक तुकडा भांड्यात विरघळला तर सगळा रस बिघडतो आणि साचा नीट भरत नाही. गाडीच्या बॅटरीच्या पट्ट्या तर वितळवूच नयेत, त्यांतून विषारी वायू निघू शकतात. भंगारवाला या तिन्ही गोष्टी ‘शिसे’ म्हणूनच विकतो, हे ध्यानात ठेवावे.

पागेराला, म्हणजे मासे धरायच्या फेकजाळ्याला, शिशाचे मणी लागतात. ते ओतताना ज्याने पाहिले असेल त्याला पुढची कृती ओळखीची वाटेल. शिसे ३२७ अंशांना वितळते, पण ओतायला चारशेच्या आसपासचा रस लागतो. वितळल्यावर त्यात मेणाचा खडा टाकून ढवळतात. मेण भडकते, मळी वर येते, ती पळीने काढायची. साचा सांडशीसारखा, दोन पाळ्यांचा. मेणबत्तीच्या काजळीने तो आतून काळा करतात आणि रसाच्या जवळ धरून तापवतात. पहिल्या पाच-सहा गोळ्या सुरकुतलेल्या निघतात, कारण साचा गार असतो. त्या सरळ परत भांड्यात. साचा फार तापला तर गोळीवर दहिवर पडल्यासारखा पांढुरका थर दिसतो. वरचा देठ कापून गोळी फडक्यावर पाडायची आणि गार झाल्यावर काट्यावर जोखायची. जी हलकी भरली तिच्या पोटात हवेचा बुडबुडा आहे, आणि ती नेमाला जात नाही.

या कामात पाणी हा मोठा शत्रू आहे. तापल्या रसात पाण्याचा एक थेंब पडला तरी त्याची क्षणात वाफ होते आणि शिसे चौफेर उडते. गोव्याच्या पावसाळ्यात हे काम पडवीत करू नये. पागोळीचा शिंतोडा पुरे होतो. ओला चिमटा, घामाचा थेंब, दमट हवेत पडलेले भंगार, सगळ्यांनाच हा नियम लागू. हवा खेळती हवी, तोंडात काही नको, आणि हात धुतल्याशिवाय जेवू नये. घरात लहान मूल असेल तर स्वयंपाकघराची शेगडी या कामाला वापरणे हा शुद्ध वेडेपणा.

भारतात हे सगळे परवान्याच्या चौकटीत येते. १९५९ च्या शस्त्र कायद्यातल्या दारूगोळ्याच्या व्याख्येत तो बनवण्याची यंत्रसामग्रीही मोडते, त्यामुळे साचा घेण्याआधी परवाना अधिकाऱ्याला विचारावे. शेतीरक्षणाचा परवाना हा शिकारीचा परवाना नव्हे; १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद केली आहे.

तयार गोळ्या हवाबंद डब्यात, तेलाचा हलका हात फिरवून ठेवतात. लाकडी पेटी टाळावी, आणि माडाच्या व्हिनेगरची बरणी असलेले फडताळ तर नक्कीच. पूर्वी सफेदा, म्हणजे रंगातली पांढरी पूड, शिशाला व्हिनेगरची वाफ देऊनच करत, आणि गोळीवर धरणारी पांढरी बुकटी त्याच जातीची असते. बुकटी विषारी असल्याने ती कोरडी घासत नाहीत. ओल्या फडक्याने पुसून, गोळी पूर्ण वाळवून, पुन्हा काट्यावर घालतात.