सेल मारू नका, आधी फोन करा

दसऱ्याच्या संध्याकाळी कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याची मेबॅक ही जुनी मोटार दसरा चौकात येते आणि पुढचे चार दिवस, जुन्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या आमच्या गॅरेजचा फोन वाजत राहतो. गोठ्याशेजारच्या शेडमधली वडिलांची फियाट, गुऱ्हाळामागची जीप, आजोबांनी हौसेनं घेतलेली मॉरिस मायनर, सगळ्यांची आठवण एकदम येते. आम्हाला आनंदच आहे, आमचं पोट त्या आठवणीवरच चालतं.

घोळ असतो तो फोनवरच्या दुसऱ्या वाक्यात. "काल नुसता सेल मारून बघितला ओ, फिरली नाही." किंवा, "सुरू झाली की! दहा मिनिटं चालली. आज काय झालंय कुणास ठाऊक."

हे पत्रक त्या दुसऱ्या वाक्यासाठी छापलं आहे. सेल मारणं म्हणजे बॅटरीवरच्या सेलमोटरनं इंजिन फिरवणं.

बंद गाडीच्या आत काय चाललेलं असतं

पद्मिनीचंच, म्हणजे आपल्या फियाटचंच घेऊ, कारण आमच्याकडे त्याच जास्त येतात. 1089 सीसीचं, चार सिलिंडरचं, पुशरॉडचं (कॅमचा धक्का दांड्यांनी व्हॉल्व्हपर्यंत नेणारं) इंजिन. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी ते लाखो किलोमीटर पळवलं, इतकं ते सोसणारं आहे. पण त्याला पळायची सवय आहे, उभं राहायची नाही.

गाडी बंद ठेवली की बोअरच्या, म्हणजे पिस्टन ज्या नळकांड्यात वरखाली होतो त्याच्या, भिंतीवरचा ऑइलचा थर हळूहळू खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतो. आपल्याकडचा पावसाळा चार महिन्यांचा. ती दमट हवा उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हमधून आत शिरते (इंजिन कुठेही थांबलं तरी एखादा व्हॉल्व्ह उघडा राहतोच), आणि पिस्टनच्या रिंगा बोअरला गंजानं धरतात. अशा इंजिनाला तुम्ही ट्रॅक्टरची बॅटरी लावून जोरात सेल मारला, तर दोन गोष्टी होऊ शकतात. फिरलं नाही, तर सेलमोटर तापते किंवा रिंग गिअरचे दात जातात. फिरलं, तर गंजलेली रिंग बोअरवर किसणीसारखी ओढली जाते. जे बोअर नुसत्या होनिंगवर (हलकं घासून घेण्यावर) निभावलं असतं, त्याला आता बोरिंग (कापून मोठं करणं) आणि ओव्हरसाइज पिस्टन लागतात.

"सुरू झाली की" हा प्रकार याहून फसवा. टाकीतलं जुनं पेट्रोल उडून जातं आणि मागे राळेसारखा चिकट गाळ राहतो. त्यावर इंजिन दहा मिनिटं चाललं की तो गाळ व्हॉल्व्हच्या दांड्यांवर बसतो. गरम असेपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. रात्रीतून इंजिन थंड होतं आणि व्हॉल्व्ह आपल्या गाइडमध्ये (दांडी सरकते त्या नळीत) डिंक लावल्यासारखा चिकटतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुण्यांना दाखवायला म्हणून सेल मारला, की कॅम ढकलतो, व्हॉल्व्ह हलत नाही, आणि मधल्या मध्ये पुशरॉड वाकतो. आमच्याकडे अशा वाकड्या पुशरॉडचा एक डबा भरला आहे. गॅरेजला आलात तर चहासोबत दाखवतो.

टाकीतला गंज पेट्रोलबरोबर पंपात आणि कार्बोरेटरच्या जेटमध्ये जातो तो वेगळाच. त्यात आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढून घेतं, जुन्या रबरी नळ्या आणि पेट्रोल पंपाचा पडदा खराब करतं. पडदा फाटला तर पेट्रोल थेट इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक काढून वास घ्या, पेट्रोलचा वास आला तर चावीला हातही लावू नका.

आणि मॉरिस, ऑस्टिन अशा जुन्या इंग्लिश गाड्यांचं एक सांगायचं राहिलं. त्यांच्यात बऱ्याचदा बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला असतं. घाईत उलटी बॅटरी जोडली की डायनामोचा कटआउट (बॅटरीचं चार्जिंग जोडणारा-तोडणारा स्विच) जातो. काही गाड्या तर सहा व्होल्टच्या असतात. बॅटरी जोडण्याआधी फोटो पाठवा, आम्ही फुकट सांगू.

मग आम्ही काय करतो, आणि त्याचे पैसे का घेतो

गाडी आली की पहिले सात-आठ दिवस तुम्हाला वाटतं काहीच चाललेलं नाही. गाडी कोपऱ्यात उभी, बॉनेट उघडं, कुणी हात लावत नाही. यावरून आमच्याशी भांडण झालेलं आहे, म्हणून स्पष्ट लिहितो.

पहिल्या दिवशी प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑइलचं मिश्रण सोडतो आणि ते मुरू देतो. लोणच्यासारखंच आहे ते, बरणी रोज हलवून मुरत नाही. चार दिवसांनी पुढच्या नटाला पाना लावून हातानं हलकेच दाबून बघतो. अडकलं तर जोर नाही, पुन्हा मिश्रण, पुन्हा वाट. फिरायला लागलं की टॅपेट कव्हर काढून एकेक व्हॉल्व्ह पूर्ण वरखाली होतोय का हे डोळ्यांनी बघतो. जुनं ऑइल काढतो, चेंबर उतरवून साफ करतो. मग प्लग काढलेलेच ठेवून सेल मारतो, ऑइल वरपर्यंत चढेतो. टाकी त्या वेळी जोडतच नाही. सलाइनसारखी बाटली टांगून त्यातून ताजं पेट्रोल देतो आणि मगच पहिला स्टार्ट.

एवढं केल्यावर बऱ्याच फियाट हेड न उतरवता सुरू होतात. म्हणजे आठ दिवस वाट बघायचे पैसे घेऊन आम्ही तुमचे बोरिंगचे आणि पिस्टनचे पैसे वाचवतो. सेल मारून आलेल्या गाडीत उलटं होतं. आठ दिवसांचं काम दोन महिन्यांवर जातं, कारण पार्ट शोधायला कधी मुंबईचा चोर बाजार, कधी पुण्याचा जुना बाजार गाठावा लागतो. मिळालं नाही तर बुश आम्ही इथंच उद्यमनगरात ओतून, लेथवर काढून बसवतो. या बाबतीत कोल्हापूरसारखं दुसरं गाव नाही, हे आम्ही जाहिरात म्हणून लिहीत नाही. बरं, थोडं जाहिरात म्हणूनही लिहितो.

फोनवर खर्चाचा अंदाज आम्ही देत नाही. न बघता आकडा सांगणारा गॅरेजवाला नंतर वाढवतो तरी किंवा काम तरी मारतो.

गाडी आणायची कशी

टोचन करून आणू नका. कोपराएवढ्या आखूड दोरानं ट्रॅक्टरमागे बांधून आणलेल्या गाड्या आम्ही बघितल्या आहेत. ब्रेकच्या व्हील सिलिंडरमध्ये वर्षानुवर्षं साचलेलं पाणी असतं, ब्रेक एक तर लागत नाहीत नाही तर सुटत नाहीत. शिवाय कुणीतरी हुशार मध्येच तिसरा गिअर टाकतोच, आणि मग वर लिहिलेलं सगळं सेल न मारताच होतं. गाडी टेम्पोत चढवा. तुम्हाला जमत नसेल तर आमचा माणूस येऊन चढवून आणतो, त्याचं भाडं वेगळं.

धुऊन आणू नका. धूळ आणि तेलाचे डाग बघून आम्हाला गळती कुठे आहे ते कळतं. उंदरांनी एअर फिल्टरमध्ये केलेलं घर तसंच राहू द्या, वायरिंग किती खाल्लंय याचा तो पहिला पुरावा असतो.

रॅली आणि प्रदर्शनाबद्दल

रॅलींचा हंगाम थंडीचा. दिल्लीची स्टेट्समन रॅली 1964 पासून चालू आहे. मुंबईत हॉर्निमन सर्कलला जुन्या गाड्यांची रांग लागलेली बघणं हा ज्यानं बघितलाय त्यालाच कळेल असा प्रकार आहे. बघायला जाणार असाल तर सकाळी लवकर जा. गाड्या थंड इंजिनानं सुरू होतात तेव्हाचा आवाज ऐका, दुपारी सगळ्याच गाड्या चांगल्या वाटतात. आणि गाडीला टेकू नका, पट्ट्याच्या बकलानं पडलेला ओरखडा पॉलिशनं जात नाही.

स्वतःची गाडी न्यायची असेल तर गणपती झाले की द्या. डिसेंबरात आणलेली गाडी जानेवारीत रंगवून मिळेल, पण ती रस्त्यातच कुठेतरी थांबेल. परीक्षक रंगाच्या चकाकीपेक्षा मूळ वस्तू शोधतात. मूळ नॉब, मूळ काच, इंजिनवरचा मूळ नंबर.

म्हणूनच मूळ इंजिन भंगारात घालू नका. कितीतरी अँबेसिडर आणि जीपमध्ये मॅटाडोर टेम्पोचं डिझेल इंजिन बसवलेलं असतं, आणि मूळ इंजिन "कुठं गेलं माहीत नाही". जुलै 2021 च्या केंद्राच्या नियमानुसार 50 वर्षांपेक्षा जुन्या, खासगी वापराच्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं, नूतनीकरण 5,000 रुपये. पण चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल झालेला नसावा, ही अट आहे. आणि अशी गाडी रोज बाजाराला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. कागदांचं काम आम्ही करत नाही, पण कागदांना लागणारे इंजिन आणि चासी नंबर घासून, वाचून, फोटो काढून देतो.

दुरुस्त होऊन गेलेली गाडी पुन्हा शेडमध्ये झोपू नये म्हणून महिन्यातून एकदा येऊन ती पंधरा-वीस किलोमीटर फिरवून आणायची सोय सुरू केली आहे, सध्या कोल्हापूर आणि इचलकरंजीपुरती. चाकं फिरली पाहिजेत, नुसतं जागेवर इंजिन चालवून उपयोग नाही.

गॅरेज सोमवारी बंद असतं. गाडी पाठवताना आरसी पुस्तकाची झेरॉक्स आणि डिकीची चावी आठवणीनं द्या. दर तिसऱ्या गाडीची डिकीची चावी घरीच राहते, आणि जॅक, स्टेपनी, कधीकधी मूळ कार्बोरेटरसुद्धा त्या डिकीतच असतो.