टॉवर नको म्हणणारी गावं: प्रश्न पाण्याचा आहे

बोरिवलीच्या गोराई जेट्टीवर सकाळी पलीकडून बोट लागते, तेव्हा उतरणाऱ्या बायकांच्या पाट्यांत आजही वाडीतली भाजी आणि ताजी मासळी असते. खाडीपलीकडची गोराई आणि मनोरी ही गावं मुंबई महापालिकेच्याच हद्दीतली. तिथे मोठ्या बांधकामाची नुसती कुणकुण लागली तरी गावकरी धास्तावतात. ‘यांना बाहेरचे लोक नकोत’ असं शहरात सर्रास बोललं जातं. मला हे साफ चुकीचं वाटतं. ही धास्ती पाण्याची आहे आणि ती बरीच जुनी आहे.

१८६० मध्ये विहार तलाव पूर्ण झाला आणि साष्टीतलं, म्हणजे आजची उपनगरं आहेत त्या उत्तरेकडच्या बेटावरचं, पाणी नळाने मुंबई बेटावर जाऊ लागलं. साष्टीची गावं मात्र पुढे कित्येक वर्षं विहिरीवरच राहिली. मग शहरच त्यांच्या दारात आलं. पालिकेची हद्द १९५० मध्ये जोगेश्वरी-भांडुपपर्यंत वाढली, १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंत. भातशेतीवर कॉलन्या उठल्या, उरली ती गावठाणं, म्हणजे शेताबाहेरची राहती वस्ती. अंधेरीकडच्या एका गावठाणात मी एक घर बघितलंय. ओट्याला तीन पायऱ्या होत्या, आता एकच दिसते. भोवतालच्या इमारतींनी भराव घातला, रस्ता दर खेपेला उंच झाला, घर होतं तिथेच राहिलं. जुलैत पाणी आधी त्याच घरात शिरतं. तीन पिढ्यांत असं झालं नव्हतं, असं तिथल्या आजी सांगतात.

ही गोष्ट सगळ्यात ठळकपणे घडली ती मुंबईच्या उत्तर वेशीवर, वसईत. वसईच्या पश्चिम पट्ट्यात केळी, पानवेली, फुलं आणि भाजी पिकायची. त्याचा आधार होती बावखलं. बावखल म्हणजे वाडीतलं खोदीव तळं. पावसाचं पाणी त्यात साठायचं, जमिनीत मुरायचं आणि समुद्राचं खारं पाणी मागे रेटून धरायचं. शेजारची विहीर गोडी राहायची ती त्यामुळे. म्हणून बावखल बुजवून प्लॉट पाडला की नुकसान एकाच वाडीचं होत नाही, आळीतल्या सगळ्या विहिरींचं होतं.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस वसईची हजारो हेक्टर हरित जमीन बांधकामासाठी खुली करण्याचा निर्णय सरकारने घेतला, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. सामवेदी, वाडवळ, कोळी, आगरी, ख्रिस्ती, हिंदू असे सगळे रस्त्यावर आले. १९९० मध्ये नियोजनाचं काम सिडको या सरकारच्या नगरनियोजन कंपनीकडे गेलं, पण इमारती काही थांबल्या नाहीत. त्यांची तहान भागवायला टँकर गावांतल्या विहिरी उपसू लागले. गावांना सर्वांत जास्त झोंबलं ते हेच.

जुलै २००९ मध्ये वसई-विरार महापालिका झाली आणि गावं तिच्यात ओढली गेली. ‘गावं वगळा’ ही मागणी इतकी तापली की त्याच वर्षी विधानसभेला वसईतून या आंदोलनाचे नेते विवेक पंडित अपक्ष निवडून आले. २०११ मध्ये सरकारने २९ गावं वगळण्याचा निर्णय घेतला, पण प्रकरण उच्च न्यायालयात अडकलं आणि वर्षानुवर्षं तिथेच राहिलं. दरम्यान २०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या १२ लाखांवर गेली होती. जुलै २०१८ च्या पावसात वसई-नालासोपाऱ्यात रुळांवर पाणी भरून गाड्या बंद पडल्या, मिठागरांत माणसं अडकली. ज्या खाजणांतून, म्हणजे खाडीकाठच्या भरतीच्या सखल जमिनींतून, आणि मिठागरांतून पाणी पसरून ओसरायचं, तिथे एव्हाना बराच भराव पडला होता.

गोराई-मनोरीचे लोक हे सगळं जवळून बघत आलेत. त्यांचे सोयरे वसईत आहेत, लग्नकार्याला जाणं-येणं आहे. म्हणूनच २०१८ मध्ये मुंबईचा २०३४ पर्यंतचा विकास आराखडा मंजूर झाला आणि ना-विकास क्षेत्रातल्या, म्हणजे एरवी बांधकामाला मोकळ्या नसलेल्या, जमिनीही परवडणाऱ्या घरांसाठी खुल्या करायचं ठरलं, तेव्हा खाडीपलीकडे काळजी वाढली. घरं हवीत, हे तेही मान्य करतात. मुंबईत भाड्याच्या खोलीत दिवस काढणारी त्यांचीच मुलं आहेत. इमारत उभी राहायच्या आधी त्यांना दोन गोष्टी लेखी हव्या आहेत: तिला पाणी कुठून आणणार, आणि पावसाचं पाणी कुठून जाऊ देणार.